जुना रेसट्रॅक गेममध्ये उभा करायचाय? आधी तारीख ठरवा

आज अस्तित्वात नसलेला, किंवा असूनही ओळखू न येणारा एखादा रेसट्रॅक सिम्युलेटरमध्ये पुन्हा चालवता यावा, म्हणून फुकटात रात्री जागवणारी माणसं जगभर आहेत. अशा टोळीत नवं कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘ब्लेंडर कुठून शिकू?’ ब्लेंडर म्हणजे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर. त्याचे धडे ढिगाने पडलेत, ते होऊन जातं. गाडं अडतं ते वेगळीकडेच. हा फोटो नक्की कुठल्या सालचा, चढउतारांचे आकडे कुठून आणायचे, गेममध्ये टाकल्यावर गाडी जमिनीतून खाली का जाते, आणि एवढं खपून केलेलं काम लोकांपुढे ठेवता येईल की नाही, इथे लोक हात टेकतात. हा लेख त्या जागांबद्दल आहे.

उदाहरण म्हणून फ्रान्समधला रेंस-ग्यो घेतो. १९२६ पासून इथे सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती झाल्या, १९६६ मध्ये शेवटची फॉर्म्युला वन शर्यत झाली, आणि पिटची (शर्यतीत गाड्या थांबवून दुरुस्ती करायच्या जागेची) इमारत आणि प्रेक्षकांचे स्टँड अजून रस्त्याच्या कडेला उभे आहेत. गेम म्हणून असेतो कोर्सा, म्हणजे २०१४ चा पीसीवरचा मूळ गेम. नवशिक्यासाठी तोच बरा: साधनं मोफत आहेत आणि अडलं तर उत्तर देणारे भरपूर आहेत. दुसरा गेम निवडलात तर आठव्या पायरीतली नावं बदलतील, बाकीचं जवळपास तसंच राहील.

काय काय लागेल

सॉफ्टवेअर:
- ब्लेंडर: मॉडेलिंगसाठी
- क्यूजीआयएस: नकाशे आणि हवाई फोटो जागेवर बसवायला
- क्लाउडकंपेअर: लायडारचे (विमानातून लेझरने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचे) बिंदू बघायला आणि विरळ करायला
- एफस्पाय: जुन्या फोटोवरून कॅमेऱ्याची जागा काढायला
- जिंप किंवा क्रिटा: टेक्सचरसाठी, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्रांसाठी
- केएस एडिटर: हा गेमसोबतच मिळतो, मॉडेल गेमच्या स्वरूपात तोच बदलून देतो
- कंटेंट मॅनेजर आणि कस्टम शेडर्स पॅच: चाचणीसाठी

कागदपत्रं:
- ठरवलेल्या शर्यतीचा निकाल, सरावाच्या वेळा आणि सुरुवातीच्या रांगांची मांडणी
- त्या काळचा आयोजकांचा नकाशा, शक्य असेल तर कार्यक्रमपत्रिकेतला
- त्या वर्षाच्या जवळचे हवाई फोटो
- जमिनीवरून काढलेले फोटो, प्रत्येकाचं मूळ नोंदवून
- ज्यांचं साहित्य थेट वापरणार त्यांची लेखी परवानगी

याशिवाय एक साधी स्प्रेडशीट. तिच्याबद्दल तिसऱ्या पायरीत.

१. एक तारीख निवडा

‘आम्ही रेंस बनवतोय’ असं म्हणून सुरू झालेले प्रकल्प अर्ध्यात मरतात, कारण रेंस नावाचा एकच ट्रॅक कधी नव्हता. सुरुवातीचा मार्ग ग्यो गावाच्या घरांमधून जायचा. १९५२ मध्ये गावाला वळसा घालणारा नवा रस्ता आला, पुढच्या वर्षी मार्ग म्युइझाँच्या वळणापर्यंत वाढवला, आणि १९५४ पासून लांबी ८.३०२ किमी धरली जाऊ लागली. तुमच्या हातातल्या दहा फोटोंपैकी तीन १९४८ चे, चार १९५६ चे आणि तीन १९६६ चे असतील तर त्यातून जे तयार होईल ते कुठल्याच दिवशी अस्तित्वात नव्हतं.

दुसरीकडेही हेच. मोंझाचं पहिलं बँकिंग, म्हणजे कडेला उंच उचललेली तिरकी वळणं, १९२२ चं. ते तिशीच्या दशकाच्या शेवटी पाडलं गेलं, आणि आज जे उभं दिसतं ते १९५५ मध्ये नव्याने बांधलेलं. न्युर्बुर्गरिंगच्या उत्तर वळशात १९७०-७१ मध्ये झुडपं काढली, उंचवटे सपाट केले, गार्डरेल लावले. त्याआधीचा आणि नंतरचा ट्रॅक चालवायला वेगळा लागतो.

म्हणून साल नको, तारीखच घ्या. इथे आपण ४ जुलै १९५४ घेऊ. मर्सिडीज ग्रां प्रीमध्ये परतली तो दिवस. तिचे चालक फान्जिओ पहिला, क्लिंग दुसरा. अशी गाजलेली तारीख निवडण्यामागे व्यवहार आहे: त्या दिवशी छायाचित्रकार जास्त होते. पुढे प्रत्येक वादाचा निकाल एकाच प्रश्नाने लागतो, ‘त्या दिवशी हे तिथे होतं का?’

याने किती बारीक फरक पडतो बघा. वळशावरच्या एका वळणाला सगळे नकाशे ‘अॅनी बुस्के’ म्हणतात. ही चालक १९५६ मध्ये रेंसच्या बारा तासांच्या शर्यतीत गेली, आणि नाव त्यानंतरचं. १९५४ च्या ट्रॅकच्या नकाशावर ते नाव आलं, की जाणकार माणूस तिथेच फाइल बंद करतो.

२. माणसं जमवा, पण थोडी

चार जण पुरतात: एक पुराव्यांचा, एक रस्त्याचा, एक इमारती-झाडांचा, एक गेमच्या फायलींचा. पुराव्यांचा माणूस मॉडेलिंग करणारा नसावा असं माझं ठाम मत आहे. स्वतः बनवलेली भिंत चुकीच्या जागी आहे हे स्वतःला सिद्ध करून दाखवायला कुणालाच आवडत नाही.

एक फाइल एका वेळी एकाच्याच हातात. रस्ता, भूभाग, इमारती, झाडं अशा वेगळ्या ब्लेंडर फाइल ठेवा आणि एका मुख्य फाइलमध्ये जोडा. ‘शेवटचं_नक्की_२’ अशी नावं दिसायला लागली की समजा, कुणाचं तरी आठवड्याचं काम पुसलं जाणार आहे.

३. पुरावे गोळा करा आणि त्यांच्यावर संशय घ्या

हवाई फोटोंपासून सुरुवात करा. फ्रान्सच्या आयजीएन या राष्ट्रीय भूगोल संस्थेने आपले जुने हवाई फोटो लोकांना खुले केले आहेत. जागा आणि साल निवडून बघता येतात, उतरवून घेता येतात. ब्रिटनमधल्या ब्रूकलँड्ससारख्या ट्रॅकसाठी एरोफिल्म्सच्या १९१९ ते १९५३ मधल्या फोटोंचा ‘ब्रिटन फ्रॉम अबव्ह’ हा संग्रह आहे. तुमचा ट्रॅक ज्या देशात आहे तिथलं भूमापन खातं, महानगराचं अभिलेखागार, स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोसंग्रह, या क्रमाने दार ठोठावत जा. रेंसला २००४ पासून ‘लेज आमी द्यू सिर्क्वी द ग्यो’ ही स्वयंसेवकांची संस्था जुन्या इमारतींची डागडुजी करते. असे लोक भेटले तर त्यांना मोघम ‘काही माहिती आहे का?’ विचारू नका. ‘पिटच्या इमारतीच्या या जिन्याला पायऱ्या किती?’ असं विचारा. उत्तर येतं, बहुतेकदा फोटोसकट.

आता स्प्रेडशीट. प्रत्येक वस्तूला एक ओळ: काय आहे, कुठल्या पुराव्यावरून, पुराव्याची तारीख, आणि दर्जा. दर्जे तीन पुरतात: पक्कं, अंदाज, कल्पना. ‘कल्पना’ लिहायला लाजू नका. वळणामागच्या शेडचं छप्पर कुठल्याच फोटोत दिसत नसेल तर तुम्ही ते मनानेच करणार आहात. नोंद असली की उद्या कुणी फोटो घेऊन आला तर नेमकं काय बदलायचं ते कळतं.

फोटो फसवतात, आणि त्यांच्या फसवण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत:

- उलटा छापलेला फोटो. नेगेटिव्ह पालथी पडली की डावं वळण उजवं होतं. जाहिरातीची आणि गाडीच्या क्रमांकाची अक्षरं आधी वाचा. अक्षरं नसतील तर आरसे, एक्झॉस्टचे पाइप कुठल्या बाजूला आहेत ते दुसऱ्या फोटोशी ताडून बघा.
- चुकीची तारीख. विक्रेत्यांनी आणि संग्राहकांनी फोटोखाली लिहिलेलं साल बेधडक चुकलेलं असतं. गाडीचा क्रमांक आणि चालक त्या दिवसाच्या निकालाशी जुळतात का बघा. क्रमांक दर शर्यतीला बदलायचे, त्यामुळे ही कसोटी सहसा दगा देत नाही.
- लांब पल्ल्याची लेन्स. दूरचं जवळ ओढल्यामुळे साधा उतार भिंतीसारखा उभा दिसतो आणि दोन स्टँडमधलं अंतर गायब होतं. अशा फोटोवरून उतार कधीच ठरवू नका.
- रंग. युद्धपूर्व काळातल्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसत नसे, तो काळाच उमटायचा. काळी दिसणारी पाटी लाल असू शकते. चाळीशीच्या दशकानंतर हा धोका बराच कमी होतो, तरी कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवताना दुसरा आधार हवाच.

मोजमाप काढायला फोटोतली गाडी हीच मोजपट्टी. त्या दिवशी धावलेल्या, चाकं झाकलेल्या मर्सिडीज डब्ल्यू १९६ च्या पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर २३५० मिमी होतं. गाडी कॅमेऱ्यासमोरून आडवी जाताना टिपलेली असेल, तर तेवढ्या लांबीला किती पिक्सेल येतात ते मोजा. गाडीइतक्याच अंतरावर असलेल्या वस्तूंची मापं त्यावरून निघतात. ‘गाडीइतक्याच अंतरावर’ हे शब्द महत्त्वाचे. तीच पट्टी मागच्या स्टँडला लावलीत तर स्टँड खुजा निघेल.

हवाई फोटोत उंची सावलीवरून मिळते. त्याच फोटोत अजून उभी असलेली, उंची माहीत असलेली इमारत शोधा. तिची उंची ८ मीटर आणि सावली १० मीटर असेल, तर सपाट जमिनीवर ५ मीटर सावली टाकणारं टायमिंगचं खोपटं ४ मीटर उंच होतं. एकाच फोटोत सूर्य एकाच ठिकाणी असतो, त्यामुळे वेळ आणि अक्षांशांचं गणितही टळतं.

४. नकाशा बसवा, मग उंची आणा

क्यूजीआयएसमध्ये आजचा नकाशा उघडा आणि १९५० च्या दशकातला हवाई फोटो त्यावर बसवा. खुणेचे बिंदू म्हणून न हललेल्या गोष्टी घ्या: चर्चचा कोपरा, रेल्वेचा पूल, शेतांचे जुने बांध. रस्त्यांचे चौक घेऊ नका, तेच तर बदललेत. बिंदू फोटोच्या चारही कडांना पसरलेले असावेत. मधोमध सगळे घेतलेत तर कडेचं वळण जागेवरून सरकतं.

रेंसच्या बाबतीत इथे एक मेख आहे. तिलवाच्या जुन्या वळणावर आता गोल चौक आहे, आणि वळशाच्या नव्या रस्त्याचा बराच भाग रस्ता म्हणून उरलेलाच नाही. तेवढ्या भागाचा आराखडा जुन्या हवाई फोटोवरूनच घ्यावा लागतो. आजचा उपग्रह फोटो त्याबाबतीत गप्प.

उंचीसाठी फ्रान्समध्ये आयजीएनचा लायडार एचडी मोफत आणि खुल्या परवान्यावर आहे, दर चौरस मीटरला सरासरी १० बिंदू. इंग्लंडचा सरकारी लायडारही खुला आहे. जमिनीचे म्हणून वर्गीकरण झालेले बिंदू तेवढे ठेवा, झाडं आणि छपरं काढून टाका. भराव, खोदलेला चर, गोल चौकाची टेकडी असलं आजचं बांधकाम ओळखून तेवढा तुकडा कापा आणि दोन्ही बाजूंच्या उतारांवरून मधलं जुळवून घ्या. स्प्रेडशीटमध्ये त्या तुकड्याला ‘अंदाज’ लिहा.

नवशिके सर्रास करतात ती गोष्ट म्हणजे लायडारची जाळी (बिंदू जोडून झालेला पृष्ठभाग) जशीच्या तशी रस्ता म्हणून वापरणं. भूभागासाठी ती उत्तम आहे. रस्त्यासाठी तिच्यातली काही सेंटीमीटरची चूकसुद्धा गाडीच्या चाकाला खड्डा वाटते, आणि ट्रॅक खडीवरून चालवल्यासारखा लागतो. लायडारवरून रस्त्याचा लांबट चढउतार काढा, त्यातून गुळगुळीत वक्र न्या, आणि उंचवटे नंतर हाताने घाला.

५. सगळं शून्याजवळ आणा

छोटी पायरी, पण चुकली तर कारण सापडत नाही. फ्रान्सच्या लांबेर-९३ या मापनपद्धतीत रेंसचा उत्तरेचा आकडा ६९ लाख मीटरच्या आसपास येतो. गेम आकडे ३२ बिटांत साठवतात, आणि एवढ्या मोठ्या आकड्याला तिथे अर्ध्या मीटरखालचा फरक कळतच नाही. परिणाम: कडा थरथरतात, भिंती दातेरी होतात, गाडी उभ्या जागी नाचते. ब्लेंडरमध्ये आणण्याआधीच पूर्वेच्या आणि उत्तरेच्या अशा दोन्ही आकड्यांमधून प्रत्येकी एक ठरावीक रक्कम वजा करून ट्रॅकचा मध्य शून्यावर आणा. ती रक्कम सगळ्यांना दिसेल अशी लिहून ठेवा, नाहीतर इमारतींवाला वेगळी रक्कम वजा करेल आणि पिट शेतात जाईल.

६. रस्ता: जेवढा वेळ द्याल तेवढा कमी

बाकी सगळं दिसतं, रस्ता जाणवतो. वेळ कमी असेल तर स्टँड खोक्यांचे ठेवा, पण रस्त्यावर कंजुषी करू नका.

मध्यरेषेचा एक वक्र काढा आणि आधी त्याची लांबी मोजा. ८.३०२ किमीच्या आसपास यायला हवी. वीस-तीस मीटरचा फरक असेल तर सोडून द्या, कारण मोजणी रस्त्याच्या कुठल्या रेषेवरून झाली यावरही तेवढा फरक पडतो. दोनशे मीटर असेल तर एखादं वळण चुकीच्या ठिकाणी आहे किंवा तुम्ही दुसऱ्याच वर्षाचा मार्ग आखलाय.

मग आडवा छेद. जुने सार्वजनिक रस्ते सपाट नसत. पाणी वाहून जावं म्हणून मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरते असायचे. अडीच टक्के उतार धरला तर मध्यापासून ४ मीटरवरची कड १० सेंटीमीटर खाली जाते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वेगात वळणावर शिरणारी गाडी बाहेरच्या कडेवरून आत येताना हा कणा ओलांडते, आणि त्या क्षणी तिचं वजन एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातं. पन्नाशीतल्या अरुंद टायरच्या गाडीत मागचं चाक सुटतं ते नेमकं इथे. सपाट रस्ता केलात तर ट्रॅक बघायला सुंदर आणि चालवायला मेलेला होतो, आणि चालवणाऱ्याला कारण सांगता येत नाही.

जाळीची घनता वेगावरून ठरवा. ताशी २५० किमी म्हणजे सेकंदाला साधारण ६९ मीटर. रस्त्याचे तुकडे ५ मीटरचे ठेवलेत तर सेकंदाला चौदा सांधे चाकाखालून जातात आणि स्टीअरिंगमध्ये एकसुरी ठकठक लागते. म्हणून दोन जाळ्या करा: डोळ्यांना दिसणारी साधारण, आणि चाकांसाठी न दिसणारी दाट. उंचवटे, डांबराचे जोड, कडेची झीज हे सगळं दाट जाळीत. उंचवटे सारख्या अंतरावर घालू नका. ब्रेक लावायच्या जागी, कडेच्या चाकोरीत, पुलाच्या जोडावर असे, जिथे खरोखर पडतात तिथे घाला.

दाट जाळीचे तुकडे करताना एक मर्यादा पाळावी लागते: एका वस्तूत ६५,५३५ पेक्षा जास्त शिरोबिंदू नकोत. केएस एडिटर त्याहून मोठी वस्तू घेत नाही.

७. आजूबाजूचं: त्या दिवशी काय नव्हतं?

जे नव्हतं ते टाकायचा मोह इथे जास्त होतो. १९५४ च्या रेंसला लोखंडी गार्डरेल नकोत. फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवर ते साठच्या दशकाच्या अखेरीस सर्रास दिसू लागले. वळणांच्या कडेचे लाल-पांढरे कर्ब नकोत. खडीचे सापळे नकोत. रस्ता, गवताची कड, गवताच्या गासड्या, आणि त्यामागे शेतं. मोकळं वाटेल. तसंच ठेवा.

इमारतींसाठी एफस्पायमध्ये जुना फोटो उघडून समांतर जाणाऱ्या कडांवर रेषा ओढा. तो कॅमेऱ्याची जागा आणि लेन्स काढून देतो, आणि तो कॅमेरा ब्लेंडरमध्ये येतो. मग तुमचं मॉडेल फोटोवर ठेवून थेट ताडता येतं. फोटो कडेने कापलेला असेल तर हिशेब चुकतो, म्हणून शक्यतो पूर्ण फ्रेम मिळवा.

झाडांवर वेळ घालवू नका. एकमेकांना छेदणारी दोन सपाट पाती आणि चांगलं टेक्सचर ताशी दोनशेच्या वेगात पुरेसं आहे. फक्त उंची तपासा: आजची उंच झाडं ७० वर्षांपूर्वी रोपं होती किंवा नव्हतीच, आणि ब्रेकची खूण म्हणून चालक ज्या झाडाकडे बघायचे ते आज तोडलेलं असू शकतं.

८. गेममध्ये नेताना

इथली निम्मी डोकेदुखी नावांची आहे. खाली मी देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये ही नावं रोमन मोठ्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायची.

- ज्या जाळीवर चाक टेकायचं तिच्या नावाच्या सुरुवातीला आकडा आणि लगेच पृष्ठभाग: १रोड, १ग्रास, १सँड, १वॉल. आकडा विसरलात तर ती नुसतं चित्र ठरते आणि गाडी आरपार खाली जाते.
- गाड्या उभ्या राहायच्या जागा: एसी_स्टार्ट_०, एसी_स्टार्ट_१ असं पुढे. पिटच्या जागा: एसी_पिट_० पासून. दोन्हींची संख्या सारखी ठेवा.
- वेळ मोजायची रेषा: एसी_टाइम_०_एल आणि एसी_टाइम_०_आर, गाडीच्या दिशेने बघता डावी आणि उजवी.
- एकट्याने वेळ काढायला: एसी_हॉटलॅप_स्टार्ट_०.

गाडी तरीही खाली पडत असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. जाळीची तोंडं आकाशाकडे आहेत का, आणि उभं राहायचा बिंदू रस्त्याच्या वर आहे का. गाडी उलट्या दिशेने किंवा नाकावर उभी राहत असेल तर त्या बिंदूचा वाय अक्ष वर आणि झेड अक्ष पुढे करा. ब्लेंडरचे अक्ष वेगळे असल्यामुळे हा गोंधळ होतो. आणि पूर्ण ट्रॅक पाठवण्याआधी दोन मीटरचा एक ठोकळा रस्त्यावर ठेवून नुसता तोच पाठवून बघा. ब्लेंडरमधून मॉडेल ज्या स्वरूपात बाहेर काढतात त्या एफबीएक्समध्ये मापाचा घोटाळा झाला की ट्रॅक शंभरपट लहान किंवा मोठा येतो.

पृष्ठभागांची पकड ‘सरफेसेस’ फाइलमध्ये ठरते. गवताची पकड कमी करायला विसरू नका, नाहीतर लोक वळणं शेतातून कापतील.

पिट हा जुन्या ट्रॅकचा खास त्रास. तेव्हा पिट आणि ट्रॅक यांच्यामध्ये भिंत नसायची, गाडी सरळ कडेला येऊन थांबायची. गेमला मात्र पिटलेन वेगळी लागते. पिटसमोरची अरुंद पट्टी तेवढी पिटलेनचा पृष्ठभाग म्हणून कापा. पट्टी रुंद ठेवलीत तर सरळ भरधाव जाणारी गाडीही ‘पिटमध्ये शिरली’ असं गेमला वाटतं.

सुरुवातीच्या रांगाही त्या दिवसाच्या हव्यात. पहिल्या रांगेत फान्जिओ, क्लिंग आणि अस्कारी असे तिघे शेजारीशेजारी होते. आजच्यासारखी एकामागे एक तिरकी मांडणी तिथे विनोदी दिसते.

९. चालवून बघा, घड्याळ लावून

फान्जिओची सरावातली वेळ २ मिनिटं २९.४ सेकंद, म्हणजे सरासरी ताशी २०० किमीच्या थोडी वर. शर्यतीतली सर्वांत जलद फेरी हान्स हेरमानची, २ मिनिटं ३२.९ सेकंद. गेममध्ये त्याच काळची माझेराती २५०एफ मिळते, आणि अस्कारी त्या दिवशी माझेरातीच चालवत होता. चांगला चालक घ्या, बऱ्याच फेऱ्या मारू द्या.

वेळ काही सेकंदांनी इकडेतिकडे झाली तर सोडून द्या. गेममधल्या चालकाला मरणाची भीती नसते आणि गाडी रोज नवी असते. पण फेरी पंधरा-वीस सेकंदांनी लवकर होत असेल तर बहुतेकदा रस्ता फार रुंद झालाय किंवा एखाद्या वळणाची त्रिज्या सैल आहे. उशीर होत असेल तर चढ तपासा. मात्र घड्याळाशी जुळावं म्हणून वळण मोडू नका. वेळ संशय घ्यायला उपयोगी, पुरावा हवाई फोटोच.

संगणकाने चालवायच्या गाड्यांची रेषा गाडी चालवूनच नोंदवायची असते. ती नोंदवताना शर्यतीच्या वेगाचा अट्टहास नको. स्वच्छ, सारखी फेरी हवी. नंतर वीस गाड्या सोडा आणि तिलवाच्या वळणावर काय होतं ते बघत बसा. सगळ्यांचा ढीग लागला तर ब्रेकच्या आधीची रेषा पुन्हा नोंदवा.

१०. परवानग्या आणि प्रकाशन

हे शेवटी लिहिलंय, पण विचार पहिल्या दिवशी करा.

- दुसऱ्या गेममधून उचललेलं मॉडेल किंवा टेक्सचर कधीच वापरू नका, ‘तात्पुरतं’ म्हणूनही नाही. तात्पुरतं तसंच राहून जातं, आणि ओळखणारे लगेच ओळखतात. त्यानंतर तुमच्या स्वतःच्या कामावरही कुणी विश्वास ठेवत नाही.
- गूगल अर्थ बघायला ठीक. त्यावरून गिरवून मॉडेल करायला त्यांच्या अटींची मनाई आहे. ओपनस्ट्रीटमॅप वापरता येतो, श्रेय देणं बंधनकारक आहे. खुल्या लायडारलाही स्रोत आणि तारीख द्यावी लागते.
- फोटो बघून मॉडेल करणं वेगळं आणि फोटोचा तुकडा टेक्सचर म्हणून चिकटवणं वेगळं. दुसऱ्यासाठी छायाचित्रकाराची किंवा संग्रहाची लेखी परवानगी घ्या. पाट्या शक्यतो स्वतः रंगवा.
- पिटच्या भिंतींवरच्या काही कंपन्या आजही आहेत. ट्रॅक विकत नसाल तरी कुणी काढायला सांगितलं तर लगेच काढता येतील अशा वेगळ्या फाइलमध्ये पाट्या ठेवा.

आधी मोजक्या लोकांना द्या, आणि त्यात किमान एक असा घ्या ज्याला इतिहासाशी देणंघेणं नाही, फक्त चालवायचंय. भिंतीत अडकणारी गाडी त्यालाच सापडते. प्रसिद्ध केल्यावर सुधारित आवृत्ती काढाल तेव्हा फोल्डरच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घाला. नाव तेच ठेवून आतल्या फायली बदलल्यात, तर सर्व्हरवर जुनी आवृत्ती असलेले खेळाडू शर्यतीच्या दिवशीच बाहेर फेकले जातात, आणि लीग चालवणारे तुम्हाला शिव्या घालतात. हंगाम चालू असताना दुरुस्ती काढूच नका.

सोबत एक मजकुराची फाइल द्या: कोणी काय केलं, कुठला पुरावा कुठून आला, काय अंदाजाने केलंय. स्प्रेडशीटही जोडा. मूळ ब्लेंडर फाइल, पाचव्या पायरीत वजा केलेली रक्कम आणि परवानग्यांची पत्रं टोळीतल्या किमान दोघांकडे असू द्या. एखादा नोकरी बदलतो, एखाद्याला मूल होतं, आणि १९६६ ची आवृत्ती करायची वेळ आली की नेमका त्याचाच संगणक बंद पडलेला असतो.